नळीतली हवा

चाकणजवळ बटाट्याच्या एका कोल्ड स्टोरेजचं काम आम्ही घेतलं होतं. तिथं मास्क घालणारा माणूस आजारी पडला आणि न घालणारा ठणठणीत राहिला. पुढचे सगळे संशय या एका गोष्टीतून निघाले, म्हणून ती आधीच सांगून टाकतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी चिंचवडच्या एका लहान ठेकेदाराकडे नोकरीला होतो. थंड खोल्यांच्या भिंतींना आतून अस्तर मारायचं, म्हणजे बाहेरचं ऊन आत पोचत नाही, हा आमचा धंदा. पूर्वी आम्ही थर्माकोलचे तक्ते डांबरानं चिकटवत होतो. मग मालकांनी एक जुनं परदेशी मशीन विकत घेतलं आणि फवाऱ्याचं काम सुरू केलं. त्याला दोन ड्रम लागतात. एकात काळपट तपकिरी द्रव, दुसऱ्यात मधासारखा पिवळा. दोन्ही सारख्या मापानं फवारा मारायच्या बंदुकीत येतात, भिंतीवर पडतात आणि दूध उतू जावं तसे फुगतात. थोड्या वेळानं त्याचा घट्ट, हलका थर बसतो. थर बसला की त्याची भीती नाही. बसेपर्यंत मात्र त्या काळपट द्रवाची वाफ आणि बंदुकीतून उडणारे बारीक कण छातीला फार वाईट. मशीन बसवायला आलेल्या माणसानं हे आम्हाला बजावून सांगितलं होतं.

म्हणून बंदूक धरणाऱ्याच्या तोंडाला पूर्ण झाकणारा मास्क असे. मास्कला लांब नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला, इमारतीच्या पुढच्या अंगणात, चाकांवरचा छोटा कॉम्प्रेसर. तो अंगणातली चांगली हवा ओढून मास्कमध्ये सोडणार. खोलीच्या मागच्या भिंतीत मोठा पंखा, तो आतली वाफ मागच्या बाजूला बाहेर फेकणार. म्हणजे चांगली हवा पुढून घ्यायची आणि वाईट मागून घालवायची. ही मांडणी मी स्वतः उभं राहून करून घेतली होती.

बंदूक उस्तादांच्या हातात. त्यांना सगळे उस्तादच म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणतो. पिंपरीतलं मुसलमान कुटुंब, वडिलांपासून रंगाचं काम. मोटारींना फवाऱ्यानं रंग मारून त्यांचा हात असा बसला होता की दोन इंचांचा थर सांगितला की दोनच इंच. जाडी तपासणं माझं काम. मी भिंतीत ठिकठिकाणी दाभण टोचून, त्यावर खूण करून पट्टीनं मोजायचो. दुसऱ्या माणसाच्या कामात कुठे दीड भरे, कुठे अडीच. उस्तादांचं काम टोचताना मला अवघडल्यासारखं व्हायचं, तरी मी टोचत असे. ते शेजारी उभे राहून म्हणायचे, "टोचा साहेब, भिंतीला कुठे दुखतंय."

त्यांच्या मागे नळ्या ओढायला तळवड्याचे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. जुन्या शेतकरी घरातले. जमीन भावकीत वाटून थोडी उरली, म्हणून कामाला लागलेले. ते खोलीच्या दारात उभे राहायचे. मास्क एकच होता. भाऊ तोंडाला ओला पंचा बांधत आणि गालात गुळाचा खडा धरत. गूळ मालकांकडून मिळे. धूर, धूळ, वाफ, कशावरही गूळ खावा, म्हणजे छातीत काही बसत नाही, ही आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची समजूत. कुठे गुळाऐवजी दूध देत. आमची माणसं दूधच मागत होती, मालक गुळावर भागवत होते. मला दोन्ही पटत नव्हतं. दूध जातं पोटात, वाफ जाते छातीत. दोघांची गाठ पडायची कुठे? पण हे बोललं की माणसं म्हणत, साहेब गूळसुद्धा बंद करायला निघाले. म्हणून मी तो विषय काढणं सोडलं.

काम निम्म्यावर आलं आणि उस्तादांना खोकला लागला. दिवसा फारसा नसे. संध्याकाळी घरी गेल्यावर सुरू होई आणि रात्री छाती आवळून येई. त्यांना आडवं होता येत नाही, भिंतीला टेकून बसून रात्र काढतात, हे मला भाऊंकडून कळलं. उस्तादांनी सांगितलं नसतं. त्यांना भीती होती की दमेकरी म्हणून नाव झालं की बंदूक हातातून जाईल. त्या पट्ट्यात फवाऱ्याचं काम येणारी माणसं मोजकीच, त्यामुळे बंदुकीला मजुरीही बरी मिळे. घरात म्हातारी आई, बायको, चार मुलं, आणि कमावणारे ते एकटे. छाती वाचवायची तर काम सोडावं लागणार होतं, काम वाचवायचं तर छाती लपवावी लागणार होती. ते लपवत होते.

लपवलेली गोष्ट कळली की माणसं एकमेकांकडे वाकड्या नजरेनं बघू लागतात. मालकांना खात्री होती की उस्ताद मास्क काढून आत विडी ओढतात. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. मी न सांगता आत डोकावून पाहिलं, कोपऱ्यात थोटकं शोधली. काही मिळालं नाही. मास्कचा पट्टा त्यांच्या कानामागे इतका रुतलेला असे की तो मधेच काढला असावा असं वाटेना.

भाऊंचा संशय मास्कवरच होता. दुपारच्या डब्याच्या वेळी त्यांनी तो सगळ्यांसमोर बोलून दाखवला. "उस्ताद, त्ये रबराचं थोबाड फेका बगू. मी रोज हितंच हाय का न्हाई? वल्ला पंचा आन् गूळ. काय झालं मला? दमा त्या नळीतनंच येतुया."

सगळे हसले, पण हसण्यात पटल्याची खूण होती. दोन माणसं एकाच ठिकाणी काम करतात, एकाला संरक्षण आहे, दुसऱ्याला नाही, आणि आजारी पडतो तो संरक्षण असलेला. आकडे असे उलटे आले की कुठेतरी मोजण्यात चूक असते, एवढंच मला माहीत होतं.

उस्तादांचा संशय माझ्यावर होता. त्यांनी तो बाजूला बोलावून, आदरानं विचारला. "साहेब, राग मानू नका. हा मास्क नवाच आणलाय ना? का कुणाचा वापरलेला धुऊन दिलाय?"

मी म्हणालो, नवा आहे, मी स्वतः खोक्यातून काढलाय. त्यांनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं. मी मालकांच्या मागे लागून दुसरा मास्क मागवला आणि उस्तादांच्या हातानं खोकं फोडायला लावलं. खोकला तसाच राहिला.

मग मी मालावर संशय घेतला. दोन द्रवांचं माप चुकलं तर काळा द्रव जास्त उरतो आणि वाफ वाढते. मी रोज दोन्ही ड्रममध्ये काठी बुडवून पातळी मोजू लागलो. दोन्ही बोटाबोटानं सारखीच उतरत होती. माल विकणाऱ्यानं भेसळ केली म्हणावं, तर थर उत्तम बसत होता, दाभण सगळीकडे दोन इंचांवर थांबत होतं. पंखा तपासला, तो जोरात चालत होता. दारात उदबत्ती धरली तर धूर आत ओढला जात होता. म्हणजे दारात उभ्या असलेल्या भाऊंना बाहेरची ताजी हवा मिळत होती. ते ठणठणीत का, याचा उलगडा झाला. त्यात गुळाचा संबंध नव्हता. पण उस्ताद आजारी का, हे तसंच राहिलं.

एक दिवस उस्ताद आलेच नाहीत. मशीन बंद होतं. मला वाटलं, कॉम्प्रेसरमधून तेलाची वाफ नळीत जात असेल, म्हणून मी त्याचं हवा ओढण्याचं तोंड उघडलं. आत नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाची, गाळणी असते. अंगणात लाल माती होती, रस्त्यावरून बटाट्याचे ट्रक जात, त्यामुळे नमदा लाल नाहीतर राखाडी व्हायला हवा होता. तो पिवळसर झाला होता, आणि वर कडक पापुद्रा धरला होता. नखानं खरवडला तर बारीक रवाळ कण पडले. ते मी ओळखले. रोज भिंतीतून दाभण बाहेर काढताना त्याच्या टोकाला हेच लागलेलं असे.

फवाऱ्याचे कण पंख्यातून मागे बाहेर पडतात. कॉम्प्रेसर असतो पुढे. मध्ये अख्खी इमारत. मी भाऊंना विचारलं, कॉम्प्रेसर कुणी हलवला होता का?

"न्हाई साहेब. त्यो हितंच असतुया."

मी कामावर जायचो तो सकाळी, आणि मालाचा टेम्पो परत जाताना दुपारी त्याच टेम्पोतून चिंचवडला यायचो. दुपारनंतर तिथं काय होतं हे मी कधी पाहिलेलं नव्हतं. उस्ताद परत कामावर आले त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे निरोप घेऊन टेम्पोत बसलो, महाळुंग्याच्या फाट्यावर उतरलो, तिथं चहा घेतला आणि चालत परत आलो. आपल्याच माणसांवर अशी पाळत ठेवणं मला आवडलं नाही. पण विचारून खरं कळत नव्हतं.

ऊन कललं होतं. अंगणाला लागूनच एका शेतकऱ्याचा गोठा होता, त्यात नुकतीच व्यालेली म्हैस. घरातली म्हातारी चरवी घेऊन गोठ्याकडे निघाली. तिला पाहताच भाऊंनी काही न बोलता कॉम्प्रेसरचा दांडा धरला आणि तो चालू असतानाच ढकलत इमारतीच्या मागे नेला. केबल आणि नळी दोन्ही लांब होत्या, पुरल्या. मी मागे गेलो. कॉम्प्रेसर पंख्याच्या बरोबर खाली सावलीत उभा होता, आणि पंखा आतलं सगळं त्याच्या तोंडावर ओतत होता.

मी आधी दारावर थापा मारून उस्तादांना बाहेर बोलावलं. मास्क काढायला लावला. मग भाऊंकडे वळलो. त्यांना मी रागावलोय हे कळत होतं, का हे कळत नव्हतं.

"म्हस पान्हा चोरती साहेब ह्या धडधडीनं," ते म्हणाले. "आजीनं सांगितलं, धार काढूस्तवर जरा तिकडं न्या. त्यात काय? धार झाली की आनतो परत."

"पण पंख्याखाली का?"

"वारा लागतो तितं. मशीन तापत न्हाई."

"भाऊ, तो वारा आतला आहे."

ते पंख्याकडे बघत राहिले. शेतावर वाढलेला माणूस. वाऱ्याची दिशा बघितल्याशिवाय त्यांनी कधी धान्य उफणलं नसेल. पण पंख्यातून वारा येतो तो अंगाला गार लागतो, यापलीकडे त्यांनी विचार केला नव्हता. आणि हलवला का म्हणून विचारलं तेव्हा ते खोटंही बोलले नव्हते. त्यांच्या लेखी ते हलवणं नव्हतंच. शेजारणीची म्हैस अडली तर तेवढं कुणीही करतं.

म्हातारी चरवी घेऊन मागे आली होती. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "दूद तर मी ह्यांच्यासाटीच द्येत हुते. छातीत जळू नगं म्हनून."

तेव्हा उरलेलं कळलं. कॉम्प्रेसर मागे नेण्याच्या बदल्यात ती रोज तांब्याभर ताजं दूध द्यायची, आणि भाऊ ते सगळं उस्तादांना पाजत. स्वतः एक घोटही घेत नसत. मालक देत नव्हते ते दूध उस्तादांना मिळावं, छाती नीट राहावी, म्हणून हा सगळा उपद्व्याप चालला होता. मला सांगितलं नाही, कारण मी दुधाच्या विरुद्ध आहे असा सगळ्यांचा समज होता.

उस्तादांनी नळीचं टोक नाकाशी धरून वास घेतला, आणि खोकू लागले.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेसरची चाकं काढून तो पुढच्या अंगणात चौथऱ्यावर बसवला आणि धारेच्या वेळी फवारा बंद ठेवायचा असं ठरवलं. मालकांच्या दृष्टीनं विषय संपला. चूक सापडली, दुरुस्त झाली, उस्तादांनी आठवडाभर विश्रांती घेऊन बंदूक धरावी. उस्तादांनाही तेच हवं होतं. मला मात्र संशय होता. चिंचवडच्या ज्या डॉक्टरांकडे उस्ताद जात होते त्यांच्याकडे मी गेलो आणि काळपट द्रवाच्या ड्रमवरचं नाव त्यांना वाचून दाखवलं. आयसोसायनेट. तोवर ते विडीचा आणि घराण्यातल्या दम्याचा विचार करत होते. नाव ऐकल्यावर त्यांनी दोन दिवस मागितले, कुणाकुणाला विचारलं, आणि मला सांगितलं की काहींच्या छातीला एकदा याची ओळख पटली की ती ओळख जात नाही. मग चिमूटभरही पुरतं. भरपूर चांगली हवा दिली तरी, कपड्यावर बसलेल्या कणांनीसुद्धा दम लागू शकतो.

हे मी उस्तादांना घरी जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, "हे डॉक्टर म्हणतात, की मालकांनी तुम्हाला बोलायला पाठवलंय?"

मालक उलट तुम्हाला बोलावतायत, असं मी म्हणालो. ते म्हणाले, मग अडचण काय? मालकाला चालतं, मला चालतं, हवा आता साफ आहे. फक्त तुम्हालाच चालत नाही. असं का? त्यांच्या बायकोनं चहा आणून ठेवला होता, पण आतल्या दारातून तीही माझ्याकडे त्याच नजरेनं बघत होती. काम हातचं जावं असं सांगत येणाऱ्या माणसाकडे दुसऱ्या कुठल्या नजरेनं बघणार?

आठवड्यानं उस्ताद कामावर आले. नळी स्वच्छ धुतलेली, नमदा नवा, मास्क नीट. सकाळभर त्यांनी बंदूक चालवली आणि काही झालं नाही. दुपारी बाहेर आले, मास्क काढला, डोक्यावरून अंगातला जाड कुडता ओढून काढला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. तांब्या हातातून पडला. घसा कुणी आवळावा तसा त्यांचा श्वास बाहेर येताना शिट्टीसारखा वाजू लागला, ओठ काळे पडले. भाऊंनी त्यांना उचलून टेम्पोत ठेवलं. मागे भाऊंच्या मांडीवर त्यांची मान, मी पुढे बसून टेम्पोवाल्याला घाई करतोय, एवढंच मला त्या रस्त्याचं आठवतं.

इंजेक्शन दिल्यावर श्वास हळूहळू सैल झाला. संध्याकाळी ते दवाखान्याच्या बाकावर बसले होते. भाऊ कोपऱ्यात उभे. उस्तादांनी मला जवळ बोलावलं.

"मालकाला सांगा, मी सोडलं. काढलं म्हणू नका. बाहेर कळलं काढलं म्हणून, तर मला कुणी रंगालाही उभं करणार नाही."

"काढलं म्हणणार नाही," मी म्हणालो. "पण कुणी मला विचारलं की याला फवाऱ्याची बंदूक द्यावी का, तर नको म्हणेन."

"म्हणजे माझी भाकरी तुम्हीच तोडणार."

ते माझ्याकडे बघत राहिले, जणू अजून माझ्या बोलण्यामागे दुसरं कुणी आहे का हे शोधत होते.

मालकांनी त्यांना थर्माकोल कापायचं काम देऊ केलं, कमी मजुरीवर. ते उस्तादांनी नाकारलं आणि पिंपरीत मेव्हण्याच्या सायकलच्या दुकानात बसू लागले. पुढे वर्षभरात फवाऱ्याची मशीनं आणखी दोघातिघांनी आणली. त्यातला एक ठेकेदार चांगला हात शोधत माझ्याकडे आला आणि उस्तादांबद्दल विचारलं. मी म्हणालो, त्यांच्यासारखा हात या पट्ट्यात नाही, पण त्यांना बंदूक देऊ नका, छाती गेलेली आहे. तो माणूस हसला. चांगला कारागीर बाहेर जाऊ नये म्हणून तुम्ही असं सांगता, हे मी ओळखतो, असं म्हणाला. मी म्हणालो, तसं समजा. पण त्यानं बंदूक दिली नाही. विषाची परीक्षा कोण घेणार?

हे उस्तादांना कळायचं ते कळलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. पुढे दोन-तीन वर्षांनी एकदा निगडीच्या चढावर दिसले. सायकलच्या मागे नव्या टायरांची चवड बांधलेली, पायडल मारत वर येत होते. चढाच्या माथ्यापर्यंत उतरले नाहीत, दम घ्यायलाही थांबले नाहीत. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. त्यांनी मला पाहिलं, मान दुसरीकडे वळवली आणि त्याच वेगानं पुढे निघून गेले.